पाणी परत पिणारी गाडी

आमची गाडी पाणी मागायची आणि ते आणायला आमचे हे जायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कारंज्याला, म्हणजे घाडग्यांच्या कारंज्याला, हायवेला लागून आमचं किराण्याचं दुकान. दारात सासऱ्यांच्या वेळची एक लहानशी, गोल पाठीची जुनी गाडी उभी असायची. उन्हात थोडं अंतर गेली की ती तापायची. रेडिएटरमधलं पाणी उकळून बाजूच्या नळीतून रस्त्यावर सांडायचं. मग जो पहिला ढाबा दिसेल तिथं मी स्टिअरिंगवर बसून राहायची आणि हे कॅन घेऊन उतरायचे. ढाबेवाले लांबूनच ओरडायचे, "आले पाणीवाले शेठ!" दुकानात गादीवर बसून हुकूम सोडणाऱ्या माणसाला हे फार झोंबायचं.

शेवटी एका ट्रक ड्रायव्हरनं पाण्याबरोबर सल्लाही दिला. "शेठ, याच्यापेक्षा म्हैस पाळा. पाणी पेऊन दूध तरी देते." घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच यांनी निकाल सांगितला, "आता याच्यापुढं कोणाच्या दारात पाणी मागाची पाळी आली, तर गाडी विकली समज." नाचणगावचं एक गिऱ्हाईक आधीच बॉनेटवर हात फिरवून गेलं होतं.

माझं डोकंच फिरलं. माझं माहेर पवनारला. एसटीनं जायचं तर गाड्या बदलत जायचं, आणि त्याआधी सोबत कोण येतं हे शोधायचं. गाडी चालवायला मी हट्टानं शिकले होते. मनात आलं की किल्ली उचलायची आणि आईकडे निघायचं, हे सुख मला त्या डबड्यानं दिलं होतं. ते गेलं असतं तर मी पुन्हा दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला, "वर्ध्याकडे जाता का हो?" असं विचारत बसले असते. हे यांना सांगण्यात अर्थ नव्हता. यांच्या मते माहेर ही दिवाळीत वापरायची वस्तू होती.

त्याच आठवड्यात दुकानासमोर एक नवीकोरी जीप थांबली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, तेव्हा आत मला एक पांढरी प्लास्टिकची टाकी दिसली. "हे काय हो?" मी विचारलं. तो म्हणाला, "पाणी तापलं का फुगते, मंग ह्या टाकीत येते. गाडी थंडी झाली का रेडिएटर ते वापस वढून घेते. एक थेंब वाया जात नाई." एवढं साधं असेल तर आमच्या गाडीलाही का नको, असं मी त्याला विचारलं. तो हसला. त्याचं हसणं मी मनावर घेतलं.

दुपारी हे जेवून आडवे झाले की मी आणि सासूबाई कामाला लागायचो. सासूबाई माझ्या बाजूनं होत्या, कारण गाडी गेली तर त्यांचं दर सोमवारचं देवदर्शनही जाणार होतं. दुकानातला खाण्याच्या तेलाचा रिकामा पांढरा कॅन त्यांनी राखेनं घासून लख्ख केला. झाकणाला भोक पाडून मी रबरी नळी थेट तळापर्यंत सोडली आणि दुसरं टोक रेडिएटरच्या सांडणाऱ्या नळीला जोडलं. कॅन हलू नये म्हणून सासूबाईंनी बाजेची नवार कापून असा आवळला की त्याला श्वास घेता येईना.

पहिल्या फेरीत कॅन भरला आणि भरलेलाच राहिला. रेडिएटर कोरडा आणि कॅन काठोकाठ. मग पार्टच्या दुकानात कळलं की आमच्या रेडिएटरचं जुनं झाकण पाणी फक्त बाहेर सोडतं. परत आत घ्यायचं तर वेगळ्या व्हॉल्व्हचं झाकण लागतं. "याच्यासारखंच हाये," सासूबाई आत घोरणाऱ्या मुलाकडे हात करून म्हणाल्या. "एकदा तोंडातून सोडलं का वापस घेत नाई." मी नवं झाकण आणलं आणि त्याबरोबर पाणी लवकर उकळू नये म्हणून टाकायचं हिरवं कूलंटही. पाण्यात कालवल्यावर ते सरबतासारखं दिसायचं आणि वासही जरा गोडसरच यायचा. सासूबाईंनी तो कॅन पोरांपासून दूर ठेवायला बजावलं, कारण दुकानदारानं ते विष असल्याचं सांगितलं होतं.

मे महिन्यात नागपूरला लग्न निघालं, तोवर आमच्या कॅनचा यांना पत्ता लागला होता. हे म्हणाले, "चाला, होऊन जाऊ दे परीक्षा. पण गाडीत पाण्याचा एक थेंब न्याचा नाई." नेहमीचा कॅन त्यांनी ओट्यावर काढून ठेवला. सासूबाईंनी हळूच पिशवीत घातलेली प्यायची बाटलीही त्यांनी शोधून काढली. परीक्षक मोठे कडक होते.

सकाळी जाताना गाडीनं हूं की चूं केलं नाही. परतीला मात्र दुपारचं ऊन होतं आणि यांच्या पोटात लग्नाची मसालेदार वांग्याची भाजी आणि वरून बुंदी होती. माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या काट्यावर होतं. काटा चढला, पण रस्त्यावर थेंब सांडला नाही. जिल्ह्याची हद्द लागली तसा माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हद्दीवरच्या चौकीतल्या पोलिसानं काठी आडवी धरली.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. नागपूरकडून येणारी दारू लोक कुठं लपवत नसत ते विचारा. ट्यूबमध्ये, सीटखाली, टरबुजात. पोलिसानं डिकी पाहिली, आहेराची पिशवी पाहिली आणि म्हणाला, "बॉनेट खोला."

आत पांढरा कॅन, त्याला नळी आणि आत हिरवं पाणी. त्याचा चेहरा उजळला. त्यानं झाकण सैल करून वास घेतला. "गोड वास येऊन राह्यला. ही कोणती हाये, बाई?"

"गाडीचं पाणी हाये," मी म्हणाले.

त्यानं बोट आत बुडवून तोंडाकडे नेलं. मागून सासूबाई किंचाळल्या, "तोंडाले लावू नोको रे बापू! जहर हाये ते!"

"जहर घेऊन कुठं चालले तुमी?" आता त्याला आमच्यात खराच रस वाटू लागला. "कॅन काढा. जप्त कराचा हाये."

कॅन गेला म्हणजे रेडिएटरचं निम्मं पाणी गेलं. मग पाणी मागणं आलं आणि त्यापाठोपाठ नाचणगावचं गिऱ्हाईक. हे शेजारी उभे राहून मिशीत हसत होते. मला इतका संताप आला की मी पोलिसाच्या आणि कॅनच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"दारू असंन तर ती कॅनमध्येच राहीन ना?" मी म्हणाले. "गाडीचं पाणी असंन तर गाडी थंडी झाल्यावर ते सोताच पेऊन घेईन. पाहा थांबून." कपाळावरची टिकली काढून मी कॅनवर पाण्याच्या पातळीला चिकटवली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, आधी स्वतःच्या, मग माझ्या.

झाकण घट्ट लावून आम्ही सगळे चौकीच्या कडुनिंबाखाली बसलो. पोलिसाला दुसरं काम नव्हतं आणि आम्हाला दुसरा इलाज नव्हता. दुसरे दोन पोलिसही येऊन बसले. नव्या झाकणानं घरी सावलीत काम केलं होतं, पण इथं जमीनही तापलेली होती. पातळी टिकलीशीच होती. हे घड्याळ पाहत होते, कॉलर सैल करत होते, ओठांवरून जीभ फिरवत होते. समोर चौकीच्या दारात ओल्या पोत्यात गुंडाळलेला माठ होता. त्याच्याकडे पाहायचं नाही असं यांनी ठरवलेलं दिसत होतं.

मग कॅनमधून गुळूक असा आवाज आला. पोलीस उठला. टिकलीच्या खाली बोटभर जागा रिकामी झाली होती. आम्ही पाहत असतानाच पाणी आणखी खाली सरकलं.

"अरे, पेऊन राह्यली ना गाडी!" त्यानं बाकीच्यांना हाक मारली. तिघंही बॉनेटमध्ये डोकं घालून पाहायला लागले. मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून, घसा पार कोरडा पडलेला आवाज आला. "साहेब, थोडं पाणी भेटन का?"

हे होते. सगळे वळून पाहायला लागले. पोलिसानं माठातून गडवा भरून आणला. यांनी तो वर धरून घटाघट रिकामा केला आणि आणखी मागितला.

सासूबाईंनी दुसरा गडवा संपू दिला. मग पदर सावरत त्या पोलिसाला म्हणाल्या, "आमच्या घरी ठरलं हाये बापू, जो दुसऱ्याच्या दारात पाणी मागन त्याले विकाचं. नाचणगाववाल्याले सांगून देतो आता मी, गाडी राहू दे, याले घेऊन जाय."

पोलीस हसून हसून काठीवर वाकला. यांनी गडवा जागेवर ठेवला, मिशा पुसल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

दोन दिवसांनी मी पवनारला निघाले, एकटीच. गाडी सुरू केली तेव्हा हे बाहेर आले, बॉनेट उघडून टिकली जागेवर आहे का ते पाहिलं आणि प्यायच्या पाण्याची बाटली माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली.