हाराखालचा टाक

चुकलेली शिवण दिसली की यमुताई मोहगावकर ती उसवून टाकत. गिऱ्हाईक दारात ताटकळत असो नाहीतर वरात निघायची वेळ झालेली असो, ‘चालून जाईल’ हा शब्द त्यांच्याकडे चालत नसे. इतवारीत भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्यांचा शिवणाचा क्लास होता आणि अर्ध्या इतवारीच्या पोरी त्यांचे धपाटे खाऊन काज-बटण शिकलेल्या होत्या. स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारणाऱ्याकडे त्या अशा बघत की तो पुन्हा विचारत नसे. घरात त्या आणि त्यांची सावत्र आई जिजाबाई, एवढीच माणसं. जिजाबाईंना त्या ‘बाई’ म्हणत. आई भिंतीवर होती, फोटोत.

फोटो जुना होता. खुर्चीवर बसलेली एक तरणी बाई, नऊवारी नेसलेली, गोल गुळगुळीत चेहरा, ठसठशीत कुंकू आणि मांडीवर लेकरू. लेकराच्या डाव्या भुवईवर तीळ होता. तोच तीळ यमुताईंच्या भुवईवर होता, तेव्हा लेकरू कोण याबद्दल वाद नव्हता. यमुताईंची आई देवकी त्या पाच महिन्यांच्या असताना तापाने गेली. वडील गोपाळरावांनी घरात लेकराला बघायला कोणी हवं म्हणून लगेच उमरेडकडची जिजा करून आणली. पुढे यमू तीन वर्षांची असताना जिजाबाईंना देवी आल्या. जीव वाचला, पण चेहरा व्रणांनी भरून गेला आणि उजव्या डोळ्यात फूल पडलं. यमुताईंना बाईंचा चेहरा आठवे तो हाच.

गोपाळराव गेले तेव्हा यमू नऊ वर्षांची. त्यांच्या पेटीत कोटाच्या घडीखाली हा फोटो निघाला आणि पोरीने तिथल्या तिथे निकाल लावला, ‘ही माझी आई.’ जिजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि खिळा ठोकायला वरवंटा आणून दिला.

तेव्हापासून पितृपक्षातली अविधवा नवमी, म्हणजे सवाष्णपणी गेलेल्या बाईचा दिवस, यमुताईंनी कधी चुकवली नाही. हे मुलाने करायचं असतं, लेकीने नाही, असं एका वर्षी भटजी म्हणाले. पुढच्या वर्षी भटजी दुसरे होते. काचेवर गंध लागायचं, कुंकू लागायचं, चंदनाचा हार चढायचा. आईचा गळा क्षणभरही मोकळा दिसू नये म्हणून नवा हार जुन्यावरच घालायचा. पुरण जिजाबाई वाटायच्या, पान यमुताई मांडायच्या. सवाष्ण जेवून गेली की बाई सगळ्यांच्या शेवटी चुलीपाशी जेवून घ्यायच्या.

त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात यमुताईंचे चुलतभाऊ मधुसूदन छत्री झटकत आले. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी घराण्याची वंशावळ काढायचं मनावर घेतलं होतं. दसऱ्याला छापील पुस्तक सगळ्या मोहगावकरांच्या हातात पडणार होतं, फोटोंसकट.

“काकांचा फोटो दे,” ते म्हणाले.

“देते. बाजूले माह्या आईचा येईल ना?”

“बायकांचे फोटो कुठं घालत बसू, यमू? नावाखाली ‘पत्नी’ लिहिलं का झालं.”

“त्या पत्नीनं मले जन्म दिला, मधुदादा. नावानिशी आली पाहिजे, फोटोसकट. नाही तर माह्या बापाचाही फोटो भेटणार नाही.”

मधुसूदनांनी बहिणीला लहानपणापासून पाहिलेलं होतं. ते एवढंच म्हणाले, “दे मग. पण छापाले ब्लॉक बनवावा लागते. चेहरा साफ पाहिजे.”

चेहरा साफ राहिला नव्हता, ही खरी अडचण होती. क्लासच्या पोरी मे महिन्यात भोवळ येऊन पडतात म्हणून यमुताईंनी दोन वर्षांपूर्वी वाळ्याचा कूलर आणला होता आणि त्याची ओली हवा नेमकी समोरच्या भिंतीवर जायची. फोटोवर तपकिरी चट्टे चढले, कोपऱ्यातून कसर शिरली, आणि कागद काचेला चिकटून बसला. आईचा दुसरा फोटो या जगात नव्हता. यमुताईंनी फ्रेम लुगड्यात गुंडाळली आणि सराफ्यामागच्या नानाजींचा स्टुडिओ गाठला.

“ओढला तर चेहरा काचेवर राहील अन् कागद हातात येईल,” नानाजी म्हणाले. “काच काढायची नाही. वरूनच कॉपी घेतो.”

“माझ्यासमोर घ्या. मी इथंच बसून राहते.”

आधी काच पुसायची होती. बत्तीस वर्षांचं गंध खरवडून निघत नव्हतं. यमुताईंनी ओल्या फडक्याने ते हळूहळू सोडवलं. मग हार काढले. एकाखाली एक निघतच होते, शेवटचा नुसता दोरा उरला होता. हारांखालचा पट्टा बाकीच्या फोटोपेक्षा गडद निघाला.

“तेवढ्या जागेले उजेड लागला नाही,” नानाजी म्हणाले. “तेवढंच जसंच्या तसं हाय.”

मोठी केलेली कॉपी घ्यायला यमुताई गेल्या तेव्हा नानाजी खुशीत होते. चेहरा बराच उठून आला होता. “गळ्यापाशी एक चपटा डाग दिसून राहिला. म्हणत असाल तर ब्रश मारून देतो.”

यमुताईंनी कॉपी दाराच्या उजेडात धरली. तो डाग नव्हता. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक होता, त्याच्यावर उभ्या बाईची आकृती. पहिली बायको मेली की तिच्या नावाचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात, सवतीने संसाराला नजर लावू नये म्हणून. या टाकाचा एक कान तुटलेला होता आणि तारेने बांधलेला होता. तारेचा तो पीळ यमुताईंच्या ओळखीचा होता, कारण हाच टाक त्यांच्या देवघरात बाळकृष्णाशेजारी होता. गोपाळराव गेले त्या दिवशी जिजाबाईंनी तो गळ्यातून काढून देवांत ठेवला होता.

देवकी स्वतःच्याच नावाचा टाक गळ्यात घालून फोटोला बसणार नव्हती. मग यमुताईंनी मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं. धडधडीत सव्वा वर्षाचं लेकरू होतं ते, आणि देवकी गेली तेव्हा यमू पाच महिन्यांची. दुसऱ्यांच्या पोरांचं माप नजरेने घेणाऱ्या या बाईला स्वतःचं माप इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

त्या तिथेच स्टुलावर बसल्या. आई गेल्याचं दुःख त्यांना आजवर ऐकून माहीत होतं. ते आज प्रत्यक्ष झालं. ब्रशचा एक फटका पुरे होता. घरातल्या बायकांच्या चेहऱ्यांकडे कधी न बघणाऱ्या मधुसूदनांना कळलं नसतं, नानाजींना कळलंच नव्हतं, आणि बाई तर बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. आई परत भिंतीवर गेली असती, दसऱ्याला पुस्तकातही आली असती. यमुताईंनी हा विचार केला, आणि बराच वेळ केला.

“ब्रश ठेवा खाली, नानाजी,” त्या शेवटी म्हणाल्या. “हाय तसाच राहू द्या.”

घरी जिजाबाई लसूण सोलत होत्या. यमुताईंनी कॉपी त्यांच्यापुढे ठेवली. “ही तू हायेस.”

बाईंनी कागद चांगल्या डोळ्याजवळ नेला. “बरी दिसत होती नाही वं मी?”

“काहून नाही सांगितलं?”

“कोणत्या दिवशी सांगू? तुहा बाप गेला त्या दिवशी? नऊ वर्षाची पोट्टी, फोटो छातीशी धरून उभी. ही मी हाय म्हणली असती, तर तुह्या हातात काय राहिलं असतं? मी तर घरातच होती. तुले भिंतीवर कोणी पाहिजे होतं.”

“जित्या माणसाच्या फोटोले हार घातले मी. अन् तू पुरण वाटून राहिली होती.”

“त्याचं काय भेव. यमदूत आले असतील दारात, हार पाहून म्हणले असतील, हिले नेली वाटते आधीच. म्हणून तर टिकली.” बाई हसल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “एकच वाटे. नवमीले तू फोटोपुढं ‘आई’ म्हणायची, अन् चुलीपाशी माहं तोंड ओ द्याले उघडे. मंग बंद करायची.”

यमुताई रडल्या. बाहेरच्या खोलीत पोरींनी मशिनी थांबवल्या. ताई रडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“मग माही आई कुठं हाय?” यमुताईंनी विचारलं.

“देवघरात. तिचा फोटो कधी निघालाच नाही. हा टाकच हाय.”

यमुताईंनी टाक तळहातावर घेतला. सोनाराने कपाळ, नाक, डोळे कोरले असतील, पण आता काहीच उरलं नव्हतं. जिजाबाईंनी तो रोज सकाळी देवांबरोबर धुतला होता, सणाला चिंच लावून लख्ख केला होता, आणि सवतीचा चेहरा त्यांच्याच हाताने झिजून गेला होता. एकीने पूजा करून फोटोतली खूण झाकली आणि दुसरीने पूजा करून टाकावरचा चेहरा पुसला. कोणी कोणाला बोल लावायचा?

त्या रात्री यमुताई जेवल्या नाहीत. सकाळी उठल्या त्या मात्र नेहमीच्या यमुताई होत्या. शिवण चुकली होती, ती उसवायची होती, आणि बसून रडल्याने ती उसवली जात नाही.

“आजपासून टाकाले चिंच लावायची नाही,” त्यांनी फर्मान काढलं. “मऊ कपड्यानं पुसायचा. अन् ते चांगलं लुगडं नेस. फोटो काढाले जाऊन राहिलो आपण.”

“माह्या या थोबाडाचा? पैसे वर आले का तुले?”

“नेसतं का मी नेसवू?”

यमुताईंनी टाक नव्या काळ्या दोऱ्यात ओवला आणि बाईंच्या गळ्यात बांधला. विधवेने आता हे घालावं का, अशी शंका बाईंनी काढून पाहिली. ज्या वर्षी भटजी बदलले त्या वर्षाची यमुताईंनी त्यांना आठवण करून दिली. नानाजींच्या स्टुडिओत जिजाबाई खुर्चीवर बसल्या, तशाच जशा चाळीस वर्षांपूर्वी बसल्या होत्या. लेकरू आता मांडीवर मावत नव्हतं, म्हणून मागे उभं राहिलं.

मधुसूदन कुरकुरले. एका माणसाखाली दोन बायका, आणि त्यातल्या एकीच्या जागी टाकाचा फोटो, लोक हसतील म्हणाले. “हसू दे,” यमुताई म्हणाल्या, “हसतील त्यांना त्यांच्या पणजीचं नाव विचार.” मधुसूदनांनी घरी जाऊन स्वतःलाच विचारून पाहिलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी कुरकूर सोडली आणि छापखान्यात पानं वाढवून घेतली.

नानाजींनी मात्र एक घोटाळा केला. नवा फोटो दाखवताना त्यांचा चेहरा फुलला होता. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून त्यांनी जिजाबाईंचे सगळे व्रण बुजवले होते, डोळ्यातलं फूलही घालवलं होतं. अशी कारागिरी लोक लग्नाच्या फोटोसाठी मागून घेतात. इथे त्यांनी प्रेमाने फुकट केली होती.

“ही कोण?” यमुताई म्हणाल्या.

“ताई, जिजाबाईच.”

“नाही. हिले उद्या कोणी ओळखणार नाही. एक वेळ माहीच चूक झाली, नानाजी, पुढच्या पोरांची नको व्हाले. एकेक व्रण परत पाहिजे. अन् डोळाही.”

नानाजींनी निगेटिव्ह पुसून फोटो पुन्हा काढून दिला. यमुताईंनी तो घरी आणला. काच लावली ती फोटोला टेकणार नाही अशी, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून. जागाही ठरवली, कूलरपासून दूर. जुना फोटो शेजारी येणार होता, हाराशिवाय. पण टांगायच्या आधी त्यांनी नव्या फोटोची फ्रेम पालथी घातली आणि मागच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं: ‘खुर्चीवर माझी आई जिजाबाई. तिच्या गळ्यात माझी आई देवकी. मागे उभी यमुना.’

बाईंना वाचता येत नव्हतं. त्या आत भाजी चिरत होत्या. यमुताईंनी पेन्सिल कानावर खोचली आणि हाक मारली, “आई, इकडं ये वं, काय लिहिलं ते ऐक.”

आतला विळीचा आवाज थांबला. ओ यायला थोडा वेळ लागला, पण आली.