घर बंद नव्हतं

"तुम आओ. तुम्हारा घर एकदम सही रहेगा."

हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जण बसलो होतो. ट्रेनिंग देणाऱ्या सरांचं बोट माझ्याकडे होतं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

काम घरोघरी जाऊन पाहणी करायचं होतं. छत कसलं, फरशी कसली, पाणी कुठून येतं, फ्रिज आहे का. उत्तरं टॅबलेटमध्ये भरायची, त्यावरून ते घर कोणत्या वर्गातलं हे ठरणार. प्रश्न कसे विचारायचे हे दाखवायला सरांना एक नमुना हवा होता. गरीब नमुना. त्यांनी माझी चप्पल पाहिली असणार. नाहीतर एवढ्यांत मीच कशी सापडले?

मला स्टेजवर खुर्चीत बसवलं. हातात माईक दिला.

"छत?"

"टीन की."

"शौचालय?"

"है. दो घरों का मिलाके."

"मतलब साझा. ज़ोर से बोलो, पीछे तक आवाज़ जाए."

मी जोरात बोलले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"नए कपड़े साल में कितनी बार लेते हो?"

मी ओढणी पुढे ओढली. त्या दिवशी अंगात होता तो कुर्ता मावशीच्या मुलीचा होता.

"शरमाओ मत. ये तो डाटा है." सर हॉलकडे वळले. "देखिए, कितनी आसानी से सब निकल आया. ये हुआ निचला वर्ग."

टाळ्या वाजल्या. अर्थात सरांसाठी.

मग दिल्लीहून आलेले एक पाहुणे उठले. पडद्यावर शिडीचं चित्र आलं. जगातल्या देशांची कमाई पाहून त्यांना पायऱ्यांवर बसवतात, आणि आपल्या देशाने सगळ्यात खालची पायरी केव्हाच सोडली, असं ते म्हणाले. आपल्याला अभिमान वाटायला हवा. लोकांनी मान डोलावली. मी अजून खुर्चीतच होते. मला ऊठ म्हणायला सगळेच विसरले होते.

संध्याकाळी कांचघरच्या वस्तीत घरी आले आणि बाबांना सांगितलं. आमचं शहर हिंदी, पण घरात मराठी. बाबांची हयात तोफगोळ्यांच्या कारखान्यात गेली. पण ठेकेदाराकडून. शेजारी पक्की नोकरीवाले होते, त्यांना क्वार्टर मिळालं, पेन्शन मिळाली. बाबांना खोकला मिळाला. ऐकून ते हसले.

"म्हणजे देश शिडीवर चढला, अन् आपल्याला खाली शिडी धरायले ठेवलं."

"हसून काय राहिले बाबा. मला लाज वाटली तिथे."

"मग काहून जातेस? सोडून दे."

सोडणार कशी? काम तीन महिन्यांचं होतं. जे नीट करतील त्यांना अधारतालच्या ऑफिसात कायम ठेवणार होते. बसायला टेबल. आमच्या घरात कुणाला कधी टेबल मिळालं नव्हतं. मला ते हवं होतं, अगदी मनापासून. म्हणून तो अपमान मी गिळला.

एक धडा ट्रेनिंगच्या पुस्तकात नव्हता. तो चहाच्या वेळी मिळाला. आमचे सुपरवायझर हळू आवाजात म्हणाले, "बड़े बंगलों में टाइम खराब मत करना. सीधा 'घर बंद' डाल देना. 'इनकार' मत डालना, ऊपर जवाब देना पड़ता है."

टॅबलेटवर दोन्ही पर्याय होते. दाराला कुलूप असेल तर 'घर बंद'. माणसं आहेत पण माहिती देत नाहीत, तर 'इनकार'. मला तेव्हाच शंका आली. आमच्या वस्तीत दार लोटलेलं असलं तरी तीनतीनदा वाजवायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. आणि बंगल्यांना एका बोटाने बंद करायचं? पाहणी सगळ्यांची, मग उघडं पाडायचं ते फक्त आम्हालाच? पण मी विचारलं नाही. टेबल दिसत होतं ना समोर.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या यादीत एक बंगला आला.

गेटवर चौकीदार. मला वाटलं इथूनच परत पाठवतील. पण मॅडमनी आत बोलावलं. व्हरांड्यात बसायला दिलं, पाणी दिलं, "बेटा" म्हणाल्या. कुणी फार गोड बोललं की माझा हात आपोआप पर्सवर जातो. तसा गेला.

"हमारा क्या लिखोगी बेटा? कमला का लिख लो. वो भी तो इसी पते पर रहती है."

कमला त्यांच्याकडे कामाला होती. गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायची, स्वयंपाकही तिचा तिथेच. माहेर शहपुऱ्याकडचं. चूल वेगळी तर घर वेगळं, हा नियम मला पाठ होता. बंगल्याच्या जागी कमलाचं घर लिहिणं म्हणजे चक्क खोटं होतं. पण रकाना भरला असता. सुपरवायझर खूश, मॅडम खूश, टेबल पक्कं. मी टॅबलेट उघडलं.

कमला पदराला हात पुसत समोर उभी राहिली. मॅडम झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. झोपाळ्याची कडी करकरत होती.

"छत?"

कमलाने आधी मॅडमकडे पाहिलं, मग उत्तर दिलं. प्रत्येक प्रश्नाला तसंच. शौचालयाचं विचारलं तेव्हा तिने बागेच्या कोपऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं. कपड्यांचं विचारलं तेव्हा उत्तर झोपाळ्यावरून आलं.

"मैं देती हूँ ना, अपने पुराने. अच्छे-अच्छे."

कमला काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही.

"ज़ोर से बोलो," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडून निघालं. तोच शब्द, तोच सूर. हॉलमधली ती खुर्ची मला आठवली. फक्त ह्या वेळी खुर्चीत मी नव्हते, माईक देणारी मी होते. माझी मलाच किळस आली. एका टेबलासाठी मी त्या सरांची बहीण झाले होते.

मी टॅबलेट मांडीवर ठेवलं.

"दीदी, माफ करना. आप जाइए."

कमला गेली. मी तिची अर्धी भरलेली उत्तरं पुसली आणि झोपाळ्याकडे वळले.

"अब आपका बताइए मॅडम. कितने कमरे हैं? गाड़ियाँ कितनी?"

झोपाळा थांबला.

"ये हमारा पर्सनल मामला है."

पर्सनल! कमलाचं पर्सनल नव्हतं. माझं तर माईकवर झालं होतं.

"नियम है मॅडम. सबसे पूछना पड़ता है."

"तुमसे पहले भी आए हैं. सब 'बंद' लिखके जाते हैं. तुम भी लिख दो ना."

आवाजात अजूनही गोडवा होता. राग नाही, धमकी नाही. त्यांना खात्रीच होती. त्या सहज बोलून गेल्या आणि मला सगळं कळलं. म्हणजे दरवेळी हे घर बंद. पलीकडचंही बंद असेल. आख्खी कॉलनीच कागदावर कुलूप लावून बसली असेल. आणि आमचे पत्रे मोजून, कमलाची लुगडी मोजून देशाची पायरी ठरणार. ज्याच्याकडे आहे तो मोजणीतच नाही. मग कुणाकडे किती जास्त आहे, हे कळणार कसं? कळू नये म्हणूनच तर.

मी त्यांच्यासमोर 'इनकार' दाबलं.

दुसऱ्या दिवशी अधारतालच्या ऑफिसात बोलावणं आलं. सुपरवायझर एरवी माझ्याशी हिंदीतच बोलायचे. त्यांचं घराणं मराठी, भोसल्यांच्या काळापासून इथे असलेलं, हे मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा मराठीत बोलले. मी सावध झाले.

"बस बेटा. आपण आपली माणसं. एवढं काहून ताणून राहिली? 'इनकार' काढ, 'बंद' टाक अन् मोकळी हो."

"घर बंद नव्हतं सर. मी आत बसून होती. पाणी पण प्याली."

"अरे, सगळे टाकतात."

"माहीत आहे."

"टेबलासाठी तुझं नाव मीच पुढे केलं आहे. समजून घे."

एव्हाना माझी पर्स मी दोन्ही हातांनी धरली होती.

"ठीक आहे सर. मग लिहून द्या. दार उघडं होतं तरी बंद लिहा, असं. खाली सही करा. मी आत्ता बदलते."

त्यांच्या खिशाला पेन होता. त्यांनी तो काढला, एकदा टकटक वाजवला, परत खिशाला लावला.

"टैबलेट जमा कर दो," ते म्हणाले. पुन्हा हिंदीत.

मी टॅबलेट ठेवलं आणि जमा केल्याची पावती मागून घेतली. त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी शूर वगैरे नाही. घाबरले होते. टेबल गेलं, ते मला खूप लागलं आणि अजून लागतं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले,

"म्हणजे शिडी सोडली म्हण."

"सोडली."

माझी ती नोंद त्यांनी बदललीच असेल. एका बोटाचं तर काम. त्या बंगल्याला कागदावर पुन्हा कुलूप लागलं असेल आणि झोपाळा आत मजेत हलत असेल.

पण एक घर माझ्या हातात आहे. पाहणीवाले पुन्हा येतील. आमच्याकडे येतातच, आम्हाला कोण सोडतं? येणाऱ्या मुलीला मी बसायला देईन, चहा देईन. तिचा काय दोष. मग मी विचारीन, बंगल्यात गेली होतीस का? तिथे काय लिहिलंस? त्या खोल्या मोजल्या जात नाहीत तोवर माझ्या पत्र्याखालचं एक भांडंही मी कुणाला मोजू देणार नाही. दार उघडं असेल. मी दारात उभी असेन. आणि तिला सांगेन, 'बंद' लिहू नकोस.

'इनकार' लिही. जोरात वाच, मागेपर्यंत ऐकू जाऊ दे.