हात पोचला तेवढंच

नाशपतीच्या बागेत त्याला सगळे टेपभाऊ म्हणायचे. खिशात रुमाल नसेल, पण मोजायची टेप असायचीच. यंदा सल्लागाराच्या सांगण्यावरून त्याने छाटणी, फवारणी, घोसातली जादा फळं काढून विरळणी असं सगळं साग्रसंगीत केलं. शेवटची सहा म्हातारी झाडं तेवढी सोडली, काहीच न करता काय होतं ते कळावं म्हणून. हंगाम संपला की ती मुळासकट काढायचीच होती. दरवर्षी गोट्यांएवढी फळं देऊन नुसती जागा अडवायची. त्या ओळीकडे तो फिरकलाही नाही.

ती झाडं त्याच्या थोरल्या ताईने लावलेली. चाळीस वर्षं बाग तिनेच सांभाळली. गेल्या साली शिडीवरून पडली आणि टेपभाऊने तिचं बागेत जाणं बंद केलं. झाडं काढणार हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही.

फळं उतरवायला गेला आणि टेपभाऊची मतीच गुंग झाली. त्या सहा झाडांवर मुठीत मावेनात अशी फळं. त्याने टेप लावली, पुन्हा लावली. सल्लागाराला फोन केला.

"चुकून फवारलं असेल," सल्लागार म्हणाला.

टेपभाऊ आणि चूक? काहीतरीच. त्याने बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? मी काय झाड आहे?"

बिचारा शिडी लावून वर चढला, तर आणखीच घोळ. वर त्याच गोट्या. मोठी फळं फक्त खाली, सहाही झाडांना जमिनीपासून सव्वासहा फुटांपर्यंत. तिथे प्रत्येक घोसात एकच फळ ठेवलेलं, बाकीच्यांचे कात्रीने कापलेले देठ वाळून गेलेले.

सव्वासहा फूट म्हणजे काय, हे घोकतच तो स्वयंपाकघरात शिरला. ताई टाचा उंचावून वरच्या फळीवरचा डबा काढत होती. त्याने टेप काढलीच नाही.

"ताई, तू बागेत जात होतीस?"

"तू दुपारी झोपतोस," ती डबा पुसत म्हणाली. "शिडीला शिवलेसुद्धा नाही. हात पोचला तेवढंच केलं."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. "आणि वरचं?"

"वरचं पुढच्या वर्षी. झाडं राहिली तर."

टेपभाऊ म्हणाला, "वर मी चढतो. कुठलं फळ ठेवायचं ते तू खालून सांग."

ताईने डबा फळीवर न ठेवता तसाच त्याच्या हातात दिला, पायात चपला सरकवल्या आणि वर्षभरात पहिल्यांदाच पुढच्या दाराने बागेत निघाली.