काकूची मशीन भंगारात जाणार नाही!

अन्याय झाला तो माझ्या काकूवर. कधी झाला? गेल्या खंडेनवमीला सकाळी, आरती संपली आणि पेढा हातावर पडला, या दोहोंच्या मधल्या वेळात. कुठे? सोलापुरात, भवानी पेठेत, आमच्या सुतारकामाच्या दुकानात, झेंडूचे हार घातलेल्या मशीनसमोर. अन्याय करणारे दोघे: माझे काका आणि माझे वडील. दोघांच्याही कपाळावर तेव्हा ताजं कुंकू होतं.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. कुणावर, कधी, कुठे, कुणी. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते, त्यामुळे घरात भाजी खारट झाली तरी मी आधी जबाबदारी निश्चित करते आणि मग ताक मागते.

मशीन म्हणजे लाकूड कापायची मशीन. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली मोटर, आणि मोटरचा जोर पात्यापर्यंत नेणारा रबरी पट्टा. आजोबांनी घेतलेली. आजोबा ताडमाड होते, दारातून वाकून यायचे, त्यामुळे मशीनही त्यांच्याच मापाची. त्यांच्यानंतर ती काकांकडे आली. पण पात्यानं एकदा काकांच्या अंगठ्याचं नख नेलं, आणि तेव्हापासून काका पॉलिश करतात, गिऱ्हाईक बघतात आणि मशीन चालू झाली की चहा सांगायला बाहेर जातात. कापते काकू. चौरंग, देव्हारे, पोळपाट, सगळं काकू कापते. माझ्या मोर्च्यांच्या फलकांना ज्या काठ्या लागतात त्याही तीच कापून देते. वर म्हणते, "काठी मजबूत हाय, घोषणेचं तू बघ."

तर ही मशीन काही महिन्यांपासून हलत होती. साधी नव्हे, अंगात आल्यासारखी. पट्टा फटफट वाजायचा, पातं थरथरायचं, आणि काप सरळ जायच्या ऐवजी नागमोडी जायचा. एका गिऱ्हाइकाचा चौरंग इतका डुगडुगला की सत्यनारायणाच्या पूजेत कलश त्यांच्या जावयाच्या मांडीवर गेला. ते चौरंग परत घेऊन आले तेव्हा मागून जावईही आला होता. धोतर अजून ओलं होतं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. आरती झाली. काकूनं दरवर्षीसारखा नारळ मशीनच्या टेबलावरच फोडला, कारण तिच्या मते उंबऱ्यावर फोडलेला नारळ उंबऱ्याला पोचतो, मशीनला नाही. मग हळद, कुंकू, मूठभर अक्षता. ती निरांजन खाली ठेवायला वळली, आणि तेवढ्यात वडील काकांना म्हणाले, "दादा, नवी घेऊन टाकू. ही भंगारात."

काका म्हणाले, "व्हय. म्हातारी झाली आता."

झालं! निर्णय! ज्या बाईच्या हाताखाली ती मशीन रोज चालते तिची पाठ होती तेवढ्या वेळात! वडिलांनी तर मशीनच्या दुकानाचा माणूसही बोलावून ठेवलेला. तो पेढ्याच्या वेळेला बरोबर उगवला आणि मशीनचं माप घ्यायला पुढे झाला. काकू ओरडली, "हात न्हाय लावायचा! आज तिचा सण हाय. उद्या दसऱ्याला पूजा उतरंस्तोवर कुणी शिवायचं न्हाय."

बिचारा टेप उघडून लांबूनच हवेत माप घेत उभा राहिला.

मला राहवलं नाही. भाषण करायचं तर उंच जागा हवी. मशीनसमोर एक लाकडी खोकं कायम पडलेलं असतं, त्यावर मी चढले आणि सुरू झाले. "हलते म्हणून भंगारात? मग या घरात हलणारं दुसरं काय काय आहे त्याचीही यादी होऊ द्या! बाबांचा गुडघा! काकांची कवळी!"

"उतर गं खाली," काकू म्हणाली. "माझी जागा हाय ती."

मी उतरले, पण माझं तोंड उतरलं नाही. दुपारी मी कार्डबोर्डवर पत्रक लिहिलं आणि दुकानाच्या शटरवर चिकटवलं. वर मोठ्या अक्षरांत, 'काकूची मशीन भंगारात जाणार नाही!' खाली अन्यायाची वेळ, ठिकाण, दोन्ही आरोपी, आणि मागणी: आधी उघडून बघा, मग बोला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या पेठेनं ते वाचलं. झेंडू घ्यायला निघालेल्या बायका थांबून काकांकडे बघायच्या आणि काका आत जाऊन पॉलिशच्या डब्यामागे बसायचे. समोरच्या यंत्रमागवाल्यांच्या घरातल्या सासूबाईंनी तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि सुना खो खो हसल्या. मी अर्थ विचारला तर सून म्हणाली, "अत्तम्मा म्हणतात, मशीन राहू द्या, आरोपी बदला."

दसऱ्याला पूजा उतरली. काकूनं हार काढले, आपट्याचं पान मशीनवर ठेवलं, आणि मी जाऊन आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन आले. जाडजूड, पानाचा तोबरा भरलेला, सोलापुरी दखनी बोलणारा माणूस. दुकानवालाही होता, नवीन मशीनचे फोटो दाखवायला. मिस्त्रीनं खाली वाकून पट्टा काढला. ज्या चाकावरून पट्टा फिरतो त्याच्या खाचेत बोट घातलं, वास घेतला, आणि तोबरा थुंकायला बाहेर पळाला. परत आला तो हसतच.

"काकी, क्या खिलाया जी इसकू?"

आम्ही सगळे वाकलो. चाकाच्या खाचेत थर साचला होता. भुसा, त्यावर कुंकू, त्यावर हळद, मधेमधे तांदूळ, आणि हे सगळं नारळाच्या पाण्यात कालवून, वर्षानुवर्षं वाळून दगड झालेलं. टेबलाच्या फटीतून दर खंडेनवमीचा प्रसाद थेट खाली. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पट्टा त्यावर चढला की उडी मारणार, नाहीतर काय करणार?

"इसकू मोटर नक्को, पट्टा नक्को," मिस्त्री म्हणाला. "जुलाब दो."

काकू टेबलाला धरून हसत खाली बसली. "अवो, मीच की! दरसाल मीच फोडला की नारळ! पुण्य लागंल म्हणून!"

"लागलं की," काका म्हणाले. "चाकाला."

मिस्त्रीनं तासणीनं तो थर खरवडला. पिवळे, लाल, पांढरे पापुद्रे पडत होते आणि प्रत्येक पापुद्र्याला काकू म्हणायची, "हा बघ, पोरगी दहावीला होती त्या सालचा. ह्यो जाडा, त्या साली नारळ लई पाण्याचा निगाला होता." पोरगी म्हणजे मी. माझ्या दहावीचं कुंकू अजून शाबूत होतं! तोच पट्टा पुन्हा चढवला, बटण दाबलं, आणि मशीन अशी चालू झाली की टेबलावरचं आपट्याचं पान जागचं हललं नाही.

टाळ्या! मी तर नाचले. मोर्चे पुष्कळ केलेत, जिंकलेले थोडे, आणि इतक्या लवकर तर एकही नाही.

तेवढ्यात वडील काकांना म्हणाले, "चला, मग जुनीच ठेवू दादा."

"व्हय, ठेवू," काका म्हणाले.

पुन्हा! तीच बाई, तीच मशीन, तेच दोघे! निर्णय उलटा झाला, पण विचारलं कुणी? पत्रकात दुसरा अन्याय कुठे लिहू म्हणून मी पेन शोधायला लागले, आणि मग पेन तसंच ठेवून काकूसमोर उभी राहिले. "काकू, जुनी की नवी, ते सोड. तुला काय पाहिजे?"

काकू हसत होती ती थांबली. मशीनकडे बघितलं. मग पायानं ते खोकं ढकललं. त्याचा आवाज फरशीवर असा झाला की दुकानवाल्यानं फोटो खिशात घातले.

"हिचे पाय काप."

"काय?"

"पाय. मशीनचे. ह्यांचं नख गेलं तवापासून ह्या खोक्यावर उभी हाय मी. लाकूड फुडं सरकवायचं, तोल सांभाळायचा आन् पात्यापासून बोटं बी. नवी आणली तरी ती उंच येनार, खोकं हितंच ऱ्हानार. मला जुनी पायजे. पन माझ्या मापाची."

मीही आदल्या दिवशी त्याच खोक्यावर उभी राहून भाषण ठोकलं होतं. भाषणाला जागा म्हणून फार सोयीचं वाटलं होतं.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, आमच्या बाबांच्या हातची मशीन. तिचे पाय कसे कापायचे?"

"मामंजी आले परत, की पुन्यांदा जोडू," काकू म्हणाली.

मिस्त्री तर जमिनीवर बसून हसला. मग उठला, काकूला अनवाणी मशीनशेजारी उभं केलं, तिचा हात टेबलाजवळ धरायला लावला, खडूनं लोखंडी पायांवर खूण केली आणि खाली मोटर फरशीला लागत नाही ना ते बघितलं. ग्राइंडर सुरू झाला. दुकानातून ठिणग्यांचा फवारा उडाला, रस्त्यावरची माणसं थांबली, मागवाल्यांच्या सासूबाई पुन्हा काहीतरी म्हणाल्या, आणि यावेळी अर्थ विचारायची गरजच पडली नाही, कारण त्या दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होत्या.

मशीन खाली बसली. काकू पुढे झाली. पाय जमिनीवर, दोन्ही. पहिला काप तिनं खोक्याचाच घेतला. फळी फळी सुटी करून, सरळ, एकही नागमोड नाही, पट्ट्या पाडून माझ्या हातात दिल्या. "घे. फलकाला काठ्या." वडील कौतुकानं मशीनवर हात ठेवायला गेले आणि त्यांना वाकावं लागलं. "भावजी, जरा आनखी वाका," काकू म्हणाली, "सवय हुईल."

आता तुम्ही. हो, तुम्हीच, हे वाचणारे. नारळ उंबऱ्यावर फोडा, मशीनवर नको, ही पहिली गोष्ट. दुसरी: तुमच्या घरात, दुकानात, कारखान्यात जी बाई चवड्यांवर उभी राहून काम करते, पाटावर, विटेवर, खोक्यावर चढते, ती तुम्हाला ठाऊक आहे. ओटा असेल, शिवणयंत्र असेल, माग असेल. नवं आणायचं की जुनं ठेवायचं हे तिची पाठ असताना ठरवू नका. उठा, तिच्यासमोर जा, विचारा, आणि ती जे म्हणेल ते कापा.