नवरीला दिलेला पेरू

सोमवारी गंगेत एक गंमत झाली. गंगा म्हणजे गोदावरीच, पण आमच्या पाथरीकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही.

मला मास्तरणीच्या नेमणुकीची ऑर्डर उशिरा मिळाली. पिंपळवाडीच्या नव्या शाळेत सोमवारी बाराच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द... हे एकच वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला. आमच्या घरातून शाळेत गेलेली मी पहिलीच. बाकी सगळे मेंढरांमागे.

पिंपळवाडीला मोटार जात नाही. म्हणून माझा बा ज्या नावेतून घोंगड्या बाजारात नेतो, त्या सटवामामाच्या नावेत आम्ही उजाडताच बसलो. आईनं हट्टानं हिरवं लुगडं नेसवलं होतं, हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. पायाशी नवी ट्रंक. आणि शेजारी बा, सारखा नाक ओढणारा...

नाववाल्यांची रीत मला ठाऊक नव्हती. समोरून नाव आली की थांबायचं. एकमेकांच्या नावेची कड धरायची, तंबाखू द्यायची, आणि पुढं वाळू कुठं वर आली, पाणी कुठं खोल, ते सांगायचं.

पाण्यासोबत बाकीचंही निघायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जावई रुसला... माणसं इतकी मोकळी की मलाही हसू यायचं. पण हसता हसता मी नावेतल्या उभ्या बांबूची सावली बघायचे. ती आखडतच चालली होती.

मग मडक्यांनी भरलेली एक नाव आली. तिच्यातल्या कुंभारीणबाईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सटवा, पोरगी सासरी चालली व्हय?"

मामा नुसता हसला. बाईनं एक पिकलेला पेरू माझ्या ओटीत टाकला. "खा गं बाई जांब. तिकडं गेल्यावर कोण इचारतंय!" आणि लगेच त्यांची नाव सुटली. नवरीच्या नावेला खोळंबा करायचा नाही, हीही रीतच.

मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे खोटंच बोलले की... पेरूचा वास छान सुटला होता, पण तो मला खाववेना.

पुढं वाळूच्या दोन बेटांमधून पाण्याची अरुंद वाट आहे. एका वेळी एकच नाव, तीही माणसांनी उतरून दोरानं ओढायची. आमच्यापुढं चार नावा थांबल्या होत्या. मी पुन्हा बांबूची सावली बघितली. चार नावा निघेपर्यंत बारा कधीच टळून गेले असते.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "नवरी हाय! नवरीची नाव फुडं घ्या!" चारही नावा बाजूला सरकू लागल्या.

बा कानाशी म्हणाला, "गप बस बाई. टाइम गाठायचाय तुला."

मी गप्प बसलेही... दोन नावा मागं पडेपर्यंत. मग वाटलं, बाराच्या आत पोचून मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवणार मी? उठून उभी राहिले. नाव अशी हलली की मामानं कपाळाला हात लावला.

"मी नवरी न्हाई," मी म्हणाले. आवाज फाटलाच. "मी मास्तरीण हाय. पिंपळवाडीच्या शाळेची. नंबर तुमचा हाय."

मग असा हशा पिकला की काठावरचे बगळे उडाले.

सगळ्यात पुढच्या नावेत एक म्हातारी होती, द्वारकाकाकू. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. गळ्यात मणी न्हाई अन् नवरी कसली! पर मास्तरीण म्हणलीस का? अगं, मंग सहा महिने आमी वाट कुणाची बघायलोत? शाळा बांधून कुलूप लावून बसलोत!"

त्यांची नाव बाजारातून पिंपळवाडीलाच परतत होती. काकूंनी आपल्या माणसांना हाक दिली, आणि ती धोतरं खोचून आमच्याच नावेचा दोर धरायला पाण्यात उतरली.

"पण काकू, नंबर तुमचा हाय..." मी पुन्हा म्हणाले.

"आमचा हाय म्हून तर द्यायलोत!"

मी खाली बसले. बा आता उघड उघड डोळे पुसत होता.

काकूंनी आपली नात सोनी आमच्या नावेत बसवून दिली. "हिच्यासंगं जा, शाळा दावील. अन् हिचंच नाव पहिलं घाल." सोनी वाटेत एक शब्द बोलली नाही. घाटावर उतरताच माझा पदर धरून पळत सुटली.

शाळेची किल्ली चावडीत होती. तिथं मी रुजू झाल्याची सही केली तेव्हा घड्याळात बाराला अकरा मिनिटं कमी होती. हजेरीपटावर पहिलं नाव सोनीचं.

पेरू मात्र तसाच ट्रंकेत. मामा परत निघताना मी त्याला बजावलं होतं, त्या कुंभारीणबाईला खरं काय ते सांगायचंच. मामा म्हणाला, "लय झालं तुझं खरं." पण कबूल झाला.

काल मामा पुन्हा आला, एक माठ घेऊन. बाईनं शाळेसाठी पाठवलेला. सोबत निरोप: "मास्तरणीला म्हणावं, जांब तुला बघून दिला व्हता, नवऱ्याला बघून न्हाई. खाल्लास का न्हाई ते कळीव."

ट्रंक उघडली तर सगळ्या कपड्यांना पेरूचा वास... पेरू मऊ झाला होता, पण गोड. अकरा मुलांना त्याच्या फोडी वाटल्या. बारावी मी खाल्ली, आणि माठातलं पाणी प्याले.

घाटावर जाऊन येते आता. वर जाणारी कुठलीही नाव दिसली की तिच्यासोबत कुंभारीणबाईला निरोप द्यायचाय... खाल्ला म्हणून.