वाळवलेल्या सेलवरची गाणी

आमच्या घरी सेलचा क्रम ठरलेला होता. नवे सेल आधी बाबांच्या टॉर्चमध्ये, कारण पहाटे ओलिताला जाताना बांधावर साप असत. टॉर्च पिवळी पडली की तेच सेल रेडिओत जात. रेडिओ खरखरू लागला की बाबा ते ओट्यावर ओळीने मांडून दोन दिवस उन्हात वाळवत आणि मग माझ्या टेपरेकॉर्डरला देत. "उन्हानं सेलात जीव येते," असं ते म्हणत. थोडाफार येतही असे. घरात वीज होती ती दोन बल्बांपुरती, प्लग नव्हता. त्यामुळे मिळतील ते सेल मी मुकाट घालत होतो.

ऐंशी सालानंतरचे दिवस. नागपूरहून बी.एस्सी. करून मी आर्वीजवळच्या आमच्या गावी परत आलो होतो, मास्तरकीसाठी अर्ज टाकत होतो आणि उरलेला सगळा वेळ गिटार घेऊन बसत होतो. कॉलेजातल्या एका मित्राने इंग्रजी रॉक बँडची कॅसेट भरून पाठवली होती. शिकवणारं कोणी नव्हतं. टेप लावायची, चार सूर ऐकायचे, बंद करायची, ते सूर तारांवर शोधायचे. मागे घेताना सेल खर्च होऊ नयेत म्हणून कॅसेट बाहेर काढून पेन्सिलीने फिरवायची. गिटार मी टेपमधल्या सुरालाच लावत असे. काही दिवसांनी टेपचा सूर खाली वाटे, तेव्हा माझ्याच तारा चढल्या असं समजून मी त्या आणखी सैल करी. गोऱ्या गायकाचा आवाज फार भारदस्त होता. दोन वर्षांत सात गाणी बसली. मी दमून जायचो, पण दिवसभर रानात राबून आलेल्या बापासमोर बसून बसून दमलो म्हणायची सोय नव्हती.

मग एकाच आठवड्यात दोन कागद आले. एक शाळेची ऑर्डर, पंधरा दिवसांत हजर व्हा म्हणून. दुसरं त्याच मित्राचं पत्र: नागपुरात हॉटेलांतून वाजवणाऱ्या एका बँडला गिटारवाला हवा आहे, हीच गाणी वाजवतात, येऊन भेट. मी दोन्ही कागद बाबांपुढे ठेवले.

"तिकडं जमलं तं तिकडं राह्यजो," बाबा म्हणाले. "मी काई म्हणत नाई. पण त्याइनं नाई म्हटलं तं गुमान शाळेत जाजो."

एवढं मोकळं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला रडू यायचं बाकी होतं.

नागपूरला ते लोक एका गॅरेजमध्ये सराव करत. त्यांनी आधी माझी गिटार त्यांच्या सुरात लावली. तारा कपडे वाळत घालायच्या तारेसारख्या कडक झाल्या. ड्रम सुरू झाला आणि मी दुसऱ्या ओळीवर पोचेस्तोवर मंडळी कडव्याच्या शेवटाला होती. परत सुरू केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी त्यांच्यातला थोरला, मुख्य गिटारवाला, थांबला.

"यार, इतकं हळू काऊन वाजवून राह्यला? झोप आली का तुले?"

मी पिशवीतली कॅसेट काढून दिली. त्याने ती प्लगवरच्या टेपवर लावली. माझा तो भारदस्त गायक कोवळ्या, चिरक्या आवाजाचा पोरगा निघाला आणि सगळं गाणं घाईघाईने पळू लागलं. मी सेलांची हकिकत सांगितली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो.

हसून झाल्यावर थोरला म्हणाला, "बोटं चांगली आहेत तुही. एक महिना घे. प्लगवर ऐकून नीट बसव अन् ये. तोवर आम्ही कोणाले घेत नाई."

परतीच्या एसटीत मी सातही गाणी मनात पहिल्यापासून सुरू करून पाहिली. कडक तारा, ती घाई, पुन्हा चार चार सूर. अंगातलं त्राणच गेलं. शाळेवाल्यांकडे महिनाभराची मुदत मागता आली असती, प्लगचीही सोय झाली असती. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. सेलांचं कारण आयतं मिळालं होतं; आता मला कोणी आळशी म्हणणार नव्हतं.

बाबा ओट्यावर बसले होते. "काय म्हणे?" त्यांनी विचारलं.

"नाई जमलं. सेल कमजोर होते, टेप हळू चालत होती. सगळी गाणी चुकीची बसली."

त्यांनी ओट्यावर वाळत मांडलेल्या सेलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे माह्यापाई?"

"तुमच्यापाई कसं? सेलच तसे होते," मी म्हणालो आणि हातपाय धुवायला मागे गेलो.

मी शाळेत रुजू झालो आणि निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिलो. पाहुण्यांना गिटार दिसली की ते विचारत, आणि मी काही बोलायच्या आत बाबाच सांगत, "माह्या चिंगूसपणापाई पोराचं राहून गेलं." पाहुणे हसत, बाबा हसत नसत. शेवटच्या आजारपणातही त्यांनी एकदा हा विषय काढला, माझा हात धरून. मी त्यांना पाणी पाजलं आणि झोपा म्हटलं. त्या एका महिन्याचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.