मुद्दाम मोडून पाहणाऱ्या वहिनी

कचेरीत त्यांना सगळे वहिनीच म्हणतात. त्यांचे सख्खे दीर तिथे आधीपासून नोकरीला होते. पहिल्याच दिवशी त्यांनी दारातून "वहिनी, इकडे बसा," अशी हाक मारली आणि ते नाव जे चिकटले ते चिकटलेच. कचेरीचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले म्हणतात, ते वयाने दीडपट असूनही वहिनीच म्हणतात.

कचेरी म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झाले की वर टेबलावरचे कप थरथरतात. इथे प्रोग्रामिंगची एक छोटीशी भाषा घडते. पाण्याच्या टाक्यांवरचे पंप चालवणाऱ्या पेट्यांना त्या भाषेत सूचना लिहितात. माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राला कळतील अशा करून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर, आणि तो या कचेरीचा जीव की प्राण.

वहिनींकडे चाचण्या होत्या. कंपायलरमध्ये बदल इतरांनी करायचे, वहिनींनी ते तपासायचे. खरे तर त्या कंपायलर घडवायचेच शिकल्या होत्या, पण लेक लहान असताना मधली काही वर्षे घरात गेली. परत आल्या तेव्हा रिकामी खुर्ची चाचण्यांचीच होती. त्या खुर्चीतही त्यांनी स्वतःची एक रीत पाडली. एखादा बदल सगळ्या चाचण्यांत पास झाला की तो मुद्दाम मोडायचा आणि चाचण्या पुन्हा चालवायच्या. मोडल्यावर चाचण्यांनी बोंब मारली, तरच आधीचे पास खरे.

"वहिनी, घराला कुलूप लावल्यावर तुम्ही दाराला लाथ पण मारून बघता का हो?" दीर चिडवायचे.

"बघते ना. तुमच्या दादांनी लावलेलं असलं तर दोनदा."

मग पेट्यांची नवी खेप आली. आत जागा इतकी कमी की प्रोग्राम मावेना. कंपायलर एकच हिशेब ठिकठिकाणी नव्याने करायला लावत होता. तो एकदाच करून उत्तर जपून ठेवले तर जागा वाचणार होती. वहिनी म्हणाल्या, हा बदल मी करते.

थोरल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शुक्रवारी दुपारी दाखवा. जमलं, तर सोमवारपासून तुम्ही कंपायलरच्या टेबलावर. नाही जमलं, तर चाचण्या आहेतच."

शुक्रवारी सकाळी वहिनींनी स्वतःच्या मशीनवर नवा कंपायलर बांधला आणि चाचण्या सोडल्या. पडद्यावर हिरव्या ओळी धावत गेल्या. सगळ्या पास. मागे उभ्या असलेल्या दिरांनी टाळ्याच पिटल्या.

"आईला फोन करून सांगितलंसुद्धा," ते म्हणाले. "म्हणाली, माझ्या सुनेचं मला आधीच माहीत होतं."

"भाऊजी, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! थांबा जरा."

वहिनींनी आपल्याच बदलावर कुऱ्हाड चालवली. जपून ठेवलेल्या उत्तराच्या जागी सरळ शून्य भरले, कंपायलर पुन्हा बांधला, चाचण्या पुन्हा सोडल्या.

सगळ्या पास.

दिरांचे हसू ओसरले. हिशेबाच्या जागी शून्य असताना एकही चाचणी ओरडत नव्हती. म्हणजे त्यांचा कंपायलर चाललाच नव्हता. आजवर त्या चाचण्यांच्या मशीनवर काम करत, तिथे नवा कंपायलर आपोआप निवडला जाई. त्यांच्या मशीनवर मात्र आधीपासून एक जुना कंपायलर बसवलेला होता आणि चाचण्यांनी तोच उचलला होता. नवा आपला बाजूच्या फोल्डरमध्ये तयार होऊन बसलेला. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"दुपारपुरतं हेच दाखवा ना," दीर हळूच म्हणाले. "खरी चाचणी सोमवारी करू. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," वहिनी म्हणाल्या आणि उठून थेट थोरल्यांच्या टेबलापाशी गेल्या. "मघाचं पास खोटं आहे. चाचण्या जुन्या कंपायलरवर चालल्या. खऱ्या आता लावते."

"बरं," थोरले एवढेच म्हणाले.

मुद्दाम भरलेले शून्य काढून, नव्या कंपायलरचा पत्ता स्वतःच्या हाताने देऊन वहिनींनी चाचण्या सोडल्या. या वेळी लाल ओळी उमटल्या. थोड्याच, पण सगळ्या टाकीच्या. टाकी भरली तरी पंप थांबत नव्हता.

त्या ओळींकडे त्या बघत राहिल्या. टाकीच्या प्रोग्राममध्ये पाण्याची पातळी दोनदा विचारलेली होती, पंप सुरू करण्याआधी आणि नंतर. त्यांच्या कंपायलरला वाटले, एकच प्रश्न दोनदा, मग पहिलेच उत्तर चालेल. बेरजेचे उत्तर बदलत नाही, ते जपता येते. पाणी मात्र मधल्या वेळात वर चढते.

"अगं बाई!" वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "याने टाकीत डोकावायचंच सोडलंय!"

चूक सापडली तसा त्यांचा हात झरझर चालू लागला. हिशेब जपायचे, बाहेरून वाचलेले काही जपायचे नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. पुन्हा बांधले, पुन्हा चालवले. सगळे हिरवे. मग मुद्दाम मोडले, तर पडदा लालेलाल! दीर आनंदाने ओरडले, "नापास! वहिनी, नापास!" शेजारच्या खोलीतले लोक काय झाले म्हणून धावत आले.

थोरल्यांनी नव्या कंपायलरचे तिन्ही निकाल पाहिले. मग पंपाचा प्रोग्राम नव्या कंपायलरमधून काढून पेटीत घातला. मावला, आणि वर थोडी जागा उरली.

"एक विचारतो," ते म्हणाले. "सकाळी तुम्ही मोडून बघितलं नसतं तर?"

"तर तुमची टाकी वाहिली असती आणि मी सोमवारी नव्या खुर्चीत बसले असते."

थोरले मोठ्याने हसले. "मग आता बसा. आणि बदल कंपायलरच्या मुख्य प्रतीत तुम्हीच घाला."

तो मान फक्त कंपायलरवाल्यांचा. वहिनींनी खुर्ची पुढे ओढली, पदराने हात पुसले आणि बटण दाबले. हा कंपायलर त्याच्याच भाषेत लिहिलेला. म्हणून नवे काही आत आले की आधी तो स्वतःलाच पुन्हा बांधून घेतो. दोन्ही खोल्यांतल्या पडद्यांवर ते काम सुरू झाले. वहिनींच्या बदलातून आता अख्खा कंपायलर नव्याने घडत होता, आणि त्या पाठ ताठ करून शेवटची ओळ येईपर्यंत पाहत राहिल्या.